उकळत्या पाण्याची भट्टी की जड पाण्याची?

नव्याने अणुवीज उभारणाऱ्या देशाने आधी इंधनाची दोरी कोणाच्या हातात राहील, हे पाहावं. तारापूरला दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आहेत.

पहिली दोन युनिटं अमेरिकी, १९६९ची, उकळत्या पाण्याची. पाणी साधं, पण युरेनियम समृद्ध केलेलं, म्हणजे त्यातल्या फुटून ऊर्जा देणाऱ्या यू-२३५चं प्रमाण वाढवलेलंच लागतं. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकी पुरवठा अडखळला, पुढे थांबला. अखेर १९८२मध्ये फ्रान्सशी करार करावा लागला. शिवाय इंधन बदलायला भट्टी बंद ठेवावी लागते.

तीन आणि चार नंबरची युनिटं ५४० मेगावॉटची, स्वदेशी, जड पाण्याची, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्याची. यांना ०.७ टक्के यू-२३५ असलेलं नैसर्गिक युरेनियम चालतं. अजस्र दाबपात्राऐवजी ३९२ आडव्या दाबनळ्या असतात, त्यामुळे तेवढं घडाईकाम जमणारा कारखाना नसला तरी अडत नाही. भट्टी चालू असतानाच एका टोकाचं यंत्र इंधनाचे नवे गठ्ठे आत ढकलतं, दुसऱ्या टोकाचं वापरलेले काढून घेतं.

खरी डोकेदुखी या नळ्याच. जुन्या झिरकॅलॉय-२ या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या हायड्रोजन शोषून ठिसूळ होत. प्रत्येक दाबनळीभोवती आणखी एक थंड नळी असते; दोन्हींत अंतर ठेवणाऱ्या स्प्रिंगा सरकल्या की आतली नळी वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकते, तिथे हायड्राइडचे (धातू आणि हायड्रोजनच्या संयुगाचे) फोड येतात आणि तडा जाऊ शकतो. म्हणून झिरकोनियम-नायोबियम हा मिश्रधातू आला. जड पाण्याची गळती म्हणजे पैसा गेला आणि ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजनही पसरला. वापरलेलं इंधनही कित्येक पट जास्त साठतं.

तरीही आठ-दहा भट्ट्या बांधायच्या असतील तर जड पाणीच निवडावं. एकदोनच हव्या असतील, तर साध्या पाण्याची घ्यावी आणि काही वर्षांचं इंधन आधीच साठवावं.