ट्राय-विथ-रिसोर्सेस: आठ महिने वापरल्यानंतर

ट्राय-विथ-रिसोर्सेस म्हणजे जावातली अशी रचना, की ट्रायच्या कंसात उघडलेली फाइल काम संपताच आपोआप बंद होते. आमच्या गळ्यात पडलेली एक जुनी जावा सर्व्हिस दर तीन-चार दिवसांनी आडवी व्हायची. लॉगमध्ये एकच रडगाणं: 'टू मेनी ओपन फाइल्स'. त्यावर एका शहाण्याने (म्हणजे मीच) हीप (प्रोग्रामला दिलेली मेमरी) दुप्पट केला, तर ती दुसऱ्याच दिवशी आडवी! शेवटी पहाटे चारला रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून मोकळे झालो.

एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) चालवलं तेव्हा उलगडा झाला. मर्यादा ४०९६ ची, आणि एकाच फोल्डरमधल्या जीझिप (दाबून लहान केलेल्या) फाइली हजारोंनी उघड्या. जुन्या कोडमध्ये क्लोज (फाइल बंद करणं) नव्हतंच, सगळी भिस्त नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरवर. पण तो येतो हीप भरत आला की. उघड्या फाइली किती, हे त्याच्या गावीही नसतं. मी हीप वाढवला, म्हणजे त्याच्या फेऱ्याच कमी केल्या. फायनलाइजवर (कलेक्टर वस्तू काढण्याआधी चालवतो त्या मेथडवर) विसंबू नका, असं जावा ९ ने २०१७ मध्येच ती डेप्रिकेट (वापरू नये असं जाहीर) करून सांगितलं होतं. ट्राय-विथ-रिसोर्सेस तर २०११ पासून, जावा ७ पासून आहे. आम्हीच उशिरा जागे झालो.

सगळ्यात जास्त आवडलं ते एक्सेप्शनचं, म्हणजे चालताना येणाऱ्या चुकीचं. आधी फायनलीमधल्या (शेवटी हमखास चालणाऱ्या भागातल्या) क्लोजने एक्सेप्शन फेकलं की मूळ एक्सेप्शन गडप, मग बसा शोधत. आता मूळचं वर दिसतं आणि क्लोजचं त्याखाली 'सप्रेस्ड' म्हणून.

पण डोळे झाकून वापरायची चीज नाही ही. आम्ही फाइलइनपुटस्ट्रीम (फाइल वाचणारी), त्यावर जीझिप (ती उलगडणारी), त्यावर रीडर (मजकूर देणारा) असं सगळं एका ओळीत कोंबलं होतं. जीझिपचा कन्स्ट्रक्टर (ती तयार होतानाच चालणारा कोड) हेडर, म्हणजे फाइलीची सुरुवात, लगेच वाचतो. फाइल खराब निघाली की तो तिथेच एक्सेप्शन टाकतो, आणि आतली उघडलेली फाइल तशीच लोंबकळत राहते, कारण तिला व्हेरिएबलच नाही. प्रत्येक स्ट्रीम ट्रायच्या कंसात वेगळी लिहिली तेव्हा ही गळती थांबली. बंद होताना त्या उलट्या क्रमाने होतात, तेही सोयीचंच.

माझी तक्रार फाइल ओळीओळीने वाचणाऱ्या फाइल्स-लाइन्सबद्दल आहे. लिस्टवरच्या स्ट्रीमला क्लोज लागत नाही, हिला लागतं. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये अजूनही महिन्यातून एकदा बंद न केलेली सापडते.

क्रॉन तीन महिन्यांपासून बंद आहे. काढलेला नाही, कमेंट करून ठेवलाय.