एमएमएची पुस्तकं मॅटवर वापरून: मजकूर चांगला, बांधणी भिकार

एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, पुस्तकातून ग्राउंड गेमचं (जमिनीवर पडून लढण्याचं) अख्खं प्रकरण सुटून हातात आलं, म्हणून हे लिहायला घेतलंय. तंत्राचं जाडजूड पुस्तक, चारशेच्या आसपास पानं, सगळी रंगीत फोटोंची, गुळगुळीत आर्ट पेपर, आणि पाठीला नुसता गरम गोंद. विक्रेत्याचं उत्तर आलं की ही वापरामुळे झालेली झीज आहे, बदलून मिळणार नाही. मॅटशेजारी उघडं ठेवायचं पुस्तक वापरायचं नाही, तर काय त्याची पूजा करायची?

कारण साधं आहे. आर्ट पेपरवर जो लेप असतो त्यात नेहमीचा ईव्हीए गोंद (गरम करून लावतात तो) मुरत नाही, वरवर धरून राहतो. त्यात कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला आडवा गेला असेल तर पान वळायलाच तयार नसतं. पुस्तक सपाट राहावं म्हणून मधोमध दाबलं की गोंदाला चीर जाते, आणि एकदा चीर गेली की पानं एकामागोमाग एक निसटतात. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून केलेली बांधणी हवी, निदान जास्त चिवट पीयूआर गोंद तरी. घेण्याआधी पुस्तक उभं धरून वरच्या कडेनं पाठीत बघा. घडीचे गठ्ठे दिसले आणि गठ्ठ्याच्या मधल्या पानावर दोरा सापडला, तर शिवलेलं आहे. सगळे कागद सुटे, सरळ कापलेले दिसले तर डिंकवालं, मग पुठ्ठा कितीही जाड असो.

पण पानं सुटण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, पसरलेले फोटो. ट्रँगल चोकचं, म्हणजे पाठीवर पडून पायांच्या विळख्यात समोरच्याची मान आवळायच्या डावाचं, पान घ्या. पहिल्या फोटोत प्रतिस्पर्ध्याचा एक हात आत, एक बाहेर. दुसऱ्यात पाय खांद्यावरून मानेमागे. तिसऱ्यात आपलीच नडगी हातानं धरलेली, दुसरा पाय त्याच्या कमरेवर टेकवून कंबर फिरवायची, म्हणजे समोरासमोर न राहता त्याच्या कानाकडे बघता येईल इतका कोन मिळतो. चौथ्यात गुडघ्याच्या खोबणीत घोटा अडकवलेला. यातला तिसरा फोटो बरोबर पाठीच्या खाचेत! नडगीवरची पकड दिसत नाही, कमरेवरचा पाय अर्धा गायब. नवशिक्या मग दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतो, सरळ समोरून पाय आवळत बसतो, आणि समोरचा उठून त्याला दुमडून टाकतो. हा चोक मानेच्या एका बाजूला आपली मांडी आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच खांदा दाबल्यानं लागतो. कोन नसेल तर नुसती मांडी थकते. शिवाय घोट्याऐवजी पावलावर कुलूप लावलं तर पाऊल मुरगळतं, आणि ही सूचना छापली आहे ती नेमकी त्या न दिसणाऱ्या फोटोच्या खाली.

आणखी एक खोड. मधेच कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेलाय आणि तसं कुठे लिहिलेलं नाही. डावा पाय उजवा वाटतो. अशा ठिकाणी ग्लव्हची पट्टी किंवा शॉर्ट्सवरचा पॅच बघून बाजू ठरवावी लागते.

टाकून देण्याइतकं मात्र ते वाईट नाही, मजकूर अव्वल आहे. म्हणून पाठ कापून स्पायरल. आधी आतली मोकळी पट्टी मोजा. कटिंग मशीनवर ३ मिमीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, भोकांना आणखी ६ ते ८ मिमी लागतात. दोन खंड करा, कारण एवढ्या जाडीचं एकच स्पायरल पान उलटताना अडकतं. स्पायरलचा व्यास गठ्ठ्याच्या जाडीपेक्षा ३-४ मिमी जास्त घ्या. आणि घामेजला हात लागलेलं पान वाळेपर्यंत मिटू नका. आर्ट पेपरचा लेप ओला झाला की समोरच्या पानाला चिकटतो आणि ओढलं की फोटो सोलून निघतो.

कापल्यावर खाचेतले फोटोही जवळजवळ पूर्ण दिसायला लागले, तेव्हा आधी ठरवलेले दोन तारे तीनवर नेतो. तिसऱ्याच्या वर मात्र नाही, बायंडिंग वाचकानं करायचं असेल तर.

सोबत घेतलेलं कंडिशनिंगचं (ताकद आणि दम वाढवण्याचं) पुस्तक साध्या, बिनलेपाच्या मॅप्लिथो कागदावर, एकही फोटो नाही, चाळताना कंटाळवाणं. रोजच्या वापरात तेच जास्त उपयोगी पडलंय. ५ मिनिटांचा राउंड आणि १ मिनिट विश्रांती हे प्रमाण धरून आखलेली कोष्टकं, आणि शिवलेली पाठ! एकच प्रकरण फाडून टाकण्याच्या लायकीचं, वजन उतरवण्याचं. लढतीआधीचं वजन झाल्यावर सलाइन घ्या असं ते बिनदिक्कत सांगतं. वर्ल्ड अँटी-डोपिंग एजन्सीच्या नियमांत १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या सोडल्या तर निषिद्ध आहे, आणि यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत २०१५ मध्ये त्यावर बंदी आली.

इतिहासाच्या पुस्तकात सुरुवात १२ नोव्हेंबर १९९३ च्या डेन्व्हरमधल्या पहिल्या यूएफसीपासून न करता १९५१ पासून केली आहे, हे आवडलं. ब्राझीलच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी जुदोपटू किमुरानं ब्राझिलियन जुजुत्सूच्या हेलिओ ग्रेसीचा हात मोडला आणि हात पिरगळण्याच्या त्या लॉकला किमुराचंच नाव पडलं. मग जपानी कुस्तीगीर सायामानं सुरू केलेला शूटो हा मिश्र लढतीचा प्रकार, आणि यूएफसीच्या आधी सप्टेंबर १९९३ मध्ये जपानात सुरू झालेली पॅनक्रेस ही स्पर्धा. नियमांचं परिशिष्ट मात्र शिळं आहे. १२-ते-६ कोपर, म्हणजे वरून सरळ खाली येणारा कोपराचा घाव, त्यात निषिद्ध दाखवलाय. युनिफाइड रूल्स या एमएमएच्या सामाईक नियमांतून ती बंदी नोव्हेंबर २०२४ पासून गेली. 'ग्राउंडेड' (जमिनीवर असलेला, म्हणून डोक्यावर लाथ मारायची नाही असा) कोणाला म्हणायचं तेही तेव्हाच बदललं, आता नुसता हात टेकवून डोक्यावरच्या लाथेपासून वाचता येत नाही. गुणांकनाचंही तसंच. २०१७ च्या निकषांत आधी प्रभावी स्ट्रायकिंग आणि ग्रॅपलिंग बघायचं, तिथे बरोबरी झाली तरच आक्रमकता, आणि लढतीच्या जागेवरचा ताबा सगळ्यात शेवटी. जुन्या परिशिष्टावर विसंबून लढतीचे गुण देऊ नका.

फायटर्सच्या आत्मचरित्रांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कॅम्पची, म्हणजे लढतीआधीच्या सरावाची, प्रकरणं वाचा, बालपण वगळलं तरी चालतं.

ई-आवृत्ती घ्यायची का? तंत्राच्या पुस्तकाची फिक्स्ड लेआउटमध्ये, म्हणजे छापील पानासारखीच मांडणी असलेली, असेल तरच घ्या, फोन आडवा केला की जोडपान सलग दिसतं आणि खाचच उरत नाही. अक्षर लहानमोठं करता येणाऱ्या आवृत्तीत फोटो एका स्क्रीनवर आणि सूचना पुढच्या स्क्रीनवर जाते. नमुना प्रकरण उतरवून त्यातलं फोटोंचं एक पान तपासा, मगच पैसे भरा.