प्रोटोसीची गो फाइल कुठे ठेवावी: ‘सोर्स-रिलेटिव्ह’ की ‘मॉड्यूल’?

प्रोटो फाइलींपासून, म्हणजे संदेशांची रचना मांडणाऱ्या फाइलींपासून, गो भाषेतील कोड तयार करणाऱ्या प्रत्येकाला प्रोटोसी या कंपायलरचा ‘गो-आउट’ हा, तयार फाइल कुठे ठेवायची ते सांगणारा, पर्याय एकदा तरी चकवतो. त्याच्यापुढे फाइलीचे नाव नव्हे तर फोल्डर द्यायचे असते, ते आधीपासून अस्तित्वात असावे लागते आणि तरीही ते अंतिम ठिकाण नसते. आणखी काही न सांगितल्यास प्रोटो फाइलीतील ‘गो-पॅकेज’ या ओळीत दिलेला संपूर्ण इम्पोर्ट पाथ (इतर गो कोड ज्या पत्त्याने हे पॅकेज आणतो तो) फोल्डरांच्या रूपाने उभा राहतो आणि प्रकल्पाच्या पोटात ‘एक्झाम्पल.कॉम’ नावाचे एक फोल्डर उगवते. सारा गो कोड जीओपाथ या ठरवून दिलेल्या फोल्डराखाली एकाच झाडात राहत असे, तेव्हा हे वागणे सोयीचे होते. 2018 साली गो 1.11 बरोबर मॉड्यूल (स्वतःचे नाव असलेला, कुठल्याही फोल्डरात ठेवता येणारा प्रकल्प) आल्यानंतर त्याची गरज फारशी उरलेली नाही. त्यामुळे खरी निवड उरते ती प्रोटोसीच्या ‘सोर्स-रिलेटिव्ह’ आणि ‘मॉड्यूल’ या दोन पर्यायांतच.

‘पाथ्स’ या पर्यायाला ‘सोर्स-रिलेटिव्ह’ हे मूल्य दिले की प्रोटो फाइल ज्या उपफोल्डरात असते, त्याच उपफोल्डरात तयार फाइल पडते. हे चटकन समजते, नव्या सहकाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, आणि मी स्वतः बराच काळ हेच वापरले. अडचण ‘रिलेटिव्ह’ या शब्दातच दडलेली आहे, कारण ते उपफोल्डर ‘प्रोटो-पाथ’पासून, म्हणजे प्रोटो फाइली जिथून शोधल्या जातात त्या फोल्डरापासून, मोजले जाते. मी एकदा आज्ञा आटोपशीर करण्याच्या भरात प्रोटो-पाथ प्रकल्पाच्या मुळाऐवजी ‘प्रोटो’ या फोल्डरावर आणला. तोवर ‘जेन/प्रोटो’मध्ये जाणारी फाइल त्यानंतर गुपचूप ‘जेन’मध्ये पडू लागली, जुनी प्रत मात्र पूर्वीच्याच जागी राहिली, आणि बाकीचा कोड इमानेइतबारे त्या जुन्या प्रतीवरच बांधला जात राहिला. संदेशात घातलेले नवे फील्ड कोडमध्ये का दिसत नाही, या प्रश्नात माझी अख्खी दुपार गेली. प्रोटोसीने यात काही चूक केली असे म्हणता येणार नाही. पण काम यशस्वी झाल्यावर फाइल कुठे लिहिली, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही, आणि माझी निवड ठरली ती याच मौनामुळे.

‘मॉड्यूल’ या पर्यायात इम्पोर्ट पाथच्या सुरुवातीचा, सहसा मॉड्यूलच्या नावाइतका, भाग आपण सांगतो आणि तेवढाच भाग फाइलीच्या मार्गातून वगळला जातो. गो-पॅकेज ‘एक्झाम्पल.कॉम/प्रकल्प/जेन/प्रोटो’ असेल आणि मॉड्यूल ‘एक्झाम्पल.कॉम/प्रकल्प’ असे दिले असेल, तर प्रोटो-पाथ कोणताही असला तरी फाइल ‘जेन/प्रोटो’मध्येच जाते. याहून मोलाची गोष्ट अशी की एखाद्या फाइलीचे गो-पॅकेज त्या भागाने सुरू होत नसेल, तर साधन फाइल भलतीकडे टाकण्याऐवजी स्पष्ट त्रुटी देऊन थांबते.

अर्थात याचाही जाच आहे. बाहेरून आणलेल्या प्रोटो फाइलींपासून कोड तयार करायचा असेल, तर त्यांचे गो-पॅकेज आपल्या मॉड्यूलमध्ये बसत नाही आणि प्रत्येक फाइलीसाठी ‘एम’ पर्यायाने वेगळा इम्पोर्ट पाथ द्यावा लागतो. अशा फाइली संख्येने जास्त असतील तर सोर्स-रिलेटिव्ह कदाचित सुसह्य वाटेल. प्रोटो आणि गो फाइली शेजारी-शेजारीच ठेवायच्या असतील आणि प्रोटो-पाथला कोणी हात लावणार नसेल, तरीही त्याच्याविरुद्ध माझी फारशी तक्रार नाही. दोन्ही पर्याय एकत्र दिलेले मात्र चालत नाहीत. जीआरपीसीचा, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांच्या सेवा बोलावण्याच्या चौकटीचा, कोड तयार करणारा प्लगइन वेगळा असल्याने निवडलेला पर्याय त्यालाही स्वतंत्रपणे सांगावा लागतो. तो राहून गेला की एक फाइल जागेवर आणि दुसरी एक्झाम्पल.कॉमच्या खोल फोल्डरात, अशी विभागणी होते. प्रोटोसीची आज्ञा हाताने लिहिण्याऐवजी बफसारखे साधन घेतले तरी ही निवड टळत नाही, फक्त ती आज्ञेतून त्याच्या यामल या सेटिंग फाइलीत जाते.

नव्या प्रकल्पांत मी आता मॉड्यूलच लिहितो. जुन्यांपैकी दोन प्रकल्प अजून सोर्स-रिलेटिव्हवर आहेत. तिथे दर वेळी कोड तयार करण्यापूर्वी ‘जेन’ फोल्डर रिकामे करण्याची ओळ मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलीत) घातली आहे, म्हणजे फाइल भलतीकडे गेलीच तर निदान बिल्ड तरी मोडेल.