मूलपेशींवर काम करायचंय: उंदीर, आयपीएस पेशी की ऑर्गॅनॉइड?

पीएचडीसाठी मूलपेशींचा (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्यांचा) विषय घ्यायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: काम कशावर करायचं: उंदरावर, आयपीएस पेशींवर (साध्या पेशी मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशींवर), की ऑर्गॅनॉइडवर (डिशमध्ये वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या रूपावर)? बरेच जण ज्या लॅबमध्ये जागा मिळते तिथे जे चालू असेल ते उचलतात. माझं म्हणणं असं की त्याआधी एक गोष्ट ठरवा. पेशीला काय काय जमू शकतं हे तुम्हाला पाहायचंय, की शरीरात आपल्या जागी राहून ती प्रत्यक्षात काय करते हे? दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी निघतात.

रक्ताचंच घ्या. १९६१ मध्ये टिल आणि मॅककुलक यांनी किरणोत्सर्गाचा मारा केलेल्या उंदरांना अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी प्लीहेवर गाठी उठल्या, आणि अशी एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते हे पुढे सिद्ध झालं. तेव्हापासून कित्येक दशकं रक्तमूलपेशीची कसोटी एकच होती: दुसऱ्या प्राण्यात घातल्यावर ती सगळं रक्त नव्याने उभं करते का? २०१४-१५ च्या सुमारास पेशींवर शरीरातच जनुकीय खूण करून पाहिलं, तेव्हा चित्र बदललं. निरोगी प्रौढ उंदराची रोजची रक्ताची गरज बरीचशी पूर्वज पेशीच (मूलपेशींपासून बनलेल्या, पण अजून पूर्ण न घडलेल्या पेशी) भागवतात, मूलपेशी फार संथपणे भर घालतात, असं दिसलं. नेमका वाटा कुणाचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण प्रत्यारोपण क्षमता मोजतं आणि खूण रोजचं काम दाखवते, हा फरक तेव्हा लख्ख झाला.

म्हणून 'शरीरात काय घडतं' हा तुमचा प्रश्न असेल, तर उंदराला पर्याय नाही. पद्धत सुंदर आहे. विशिष्ट जनुक चालू असलेल्या पेशीतच क्रे नावाचं एन्झाइम बनेल अशी सोय करायची. टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की ते केंद्रकात शिरतं, डीएनएचा एक तुकडा कापतं, आणि ती पेशी व तिची सगळी संतती कायमची रंगते. २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने आतड्यातल्या एलजीआर५ पेशी (एलजीआर५ हे जनुक चालू असलेल्या मूलपेशी) अशाच रंगवल्या. एका दिवसाने आतड्याच्या अस्तरातल्या खोबणीच्या तळाशी सुटे निळे ठिपके होते. पाचव्या दिवशी तळापासून टोकापर्यंत निळी पट्टी पोचली होती. इतका थेट पुरावा डिशमध्ये मिळत नाही. अडचणी मात्र खऱ्या आहेत. योग्य जनुकं एकत्र आणायला उंदरांच्या पिढ्या जाव्या लागतात, औषध न देताही क्रे अधूनमधून कापतं, आणि शेवटी हा उंदीर असतो, माणूस नव्हे.

ही शेवटची अडचण मेंदूच्या बाबतीत सगळ्यात जास्त भोवते. माणसाच्या वाढत्या मेंदूत बाहेरच्या थरातल्या ज्या पूर्वज पेशी मुबलक असतात, त्या उंदरात अगदी थोड्या. इथे आयपीएस पेशींना तोड नाही. यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकं घालून उंदराच्या साध्या पेशी मूलपेशींच्या अवस्थेत मागे नेल्या, २००७ मध्ये माणसाच्या. २०१३ मध्ये लँकेस्टर आणि क्नोब्लिख यांनी मायक्रोसेफली असलेल्या रुग्णाच्या पेशींपासून मेंदूचे ऑर्गॅनॉइड वाढवले. पूर्वज पेशी पुरेशा वाढण्याआधीच चेतापेशी बनून जातात, म्हणून मेंदू लहान राहतो, हे त्यांत दिसलं. उंदरांमध्ये या आजाराचं असं चित्र नीट उमटत नव्हतं. विकासातला दोष आणि त्यातून होणारा आजार, दोन्ही एकाच डिशमध्ये दिसतात, ही मला या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पण आयपीएस पेशींपासून बनवलेल्या पेशी गर्भावस्थेतल्यासारख्या अपक्व राहतात. आजार म्हातारपणी उमटणारा असेल, तर हे फार जड जातं. दात्यादात्यांतला फरक तर कधीकधी आजाराच्या परिणामापेक्षाही मोठा ठरतो. त्यामुळे आजाराचं म्युटेशन तेवढं क्रिस्परने (जनुकात नेमका बदल करायच्या तंत्राने) दुरुस्त केलेली, बाकी तीच असलेली जुळी लाइन (डिशमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) सोबत नसेल, तर निष्कर्षावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय या पेशींची रोज देखभाल करावी लागते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तिसरा पर्याय म्हणजे प्रौढ ऊतकातल्या मूलपेशींपासून थेट वाढवलेले ऑर्गॅनॉइड. २००९ मध्ये सातो आणि क्लेव्हर्स यांनी एकाच एलजीआर५ पेशीपासून आतड्याचं छोटं रूप वाढवून दाखवलं. हे लवकर वाढतात, जनुकीयदृष्ट्या बरेच स्थिर असतात आणि रुग्णाच्या ऊतकाचा स्वभाव टिकवतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात तर त्यांचा उपयोग फार सरळ आहे: फोर्स्कोलिन हे रसायन घातलं की निरोगी ऑर्गॅनॉइड टम्म फुगतो, रुग्णाचा फुगत नाही किंवा जेमतेम फुगतो, आणि औषध लागू पडलं की फुगू लागतो. मात्र त्यांत रक्तवाहिन्या, नसा, प्रतिकारपेशी नसतात. मूलपेशीला तिच्या शेजाऱ्यांकडून काय संदेश मिळतात, हाच तुमचा विषय असेल तर इथे तो हातातून निसटतो.

कॅन्सरवर काम करायचं असेल तर एकाच पद्धतीवर विसंबू नका, असं मी आग्रहाने सांगेन. २०१७ मध्ये आतड्याच्या गाठींतल्या एलजीआर५ पेशी मारून टाकल्या, तर उरलेल्यांतल्या काही पेशी पुन्हा एलजीआर५ पेशी झाल्या. हे कळायला ऑर्गॅनॉइडही लागले आणि ते ज्यांच्या अंगात रुजवले ते उंदीरही.

लॅब निवडताना गाइडना मोकळेपणाने विचारा. उंदरांवर काम असेल तर टॅमॉक्सिफेन न दिलेले कंट्रोल उंदीर तपासलेत का? आयपीएस असेल तर जुळ्या लाइन तयार आहेत का, आणि गुणसूत्रांची तपासणी किती पॅसेजनंतर (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या किती फेऱ्यांनंतर) होते? कारण बराच काळ वाढवलेल्या लाइनमध्ये २० व्या गुणसूत्राचा एक तुकडा वाढलेला वारंवार सापडतो. ऑर्गॅनॉइड असेल तर मॅट्रिजेलचा (ऑर्गॅनॉइड ज्यात वाढवतात त्या जेलचा) नवा लॉट आला की आधी तपासून घेतात का? यांतल्या ज्या प्रश्नाला 'बघू पुढे' असं उत्तर येईल, ते काम पहिल्या वर्षात तुमच्याच अंगावर पडणार असं धरून चाला.