घोड्याला धनुर्वाताची लस की सीरम?

रंकाळ्यावर घोडं फिरवणाऱ्या दोस्तानं विचारलं, "खुरात खिळा घुसलाय, लस देऊ का सीरम?" लस त्यानं कधीच टोचली नव्हती.

लस स्वस्त. चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग वर्षाला एक. पण ताकद यायला आठवडे लागतात. आजच्या जखमेला ती पुरत नाही. सीरम म्हणजे धनुर्वाताच्या विषाशी लढणारी तयार प्रतिपिंडं. ते महाग, पण लगेच काम करतं, दोन-तीन आठवडे टिकतं. क्वचित नंतर यकृत बिघडतं, म्हणून उगाच टोचू नये.

लस न झालेलं घोडं जखमी झालं, तर डॉक्टरांकडून दोन्ही, वेगवेगळ्या जागी. लस चालू असेल तर बूस्टर. गाईम्हशींना धोका कमी, शेळ्यामेंढ्यांना जास्त. घोड्याला सगळ्यात जास्त. त्याची लस चुकवू नकाच.