बेस थेट इंटरफेसमध्ये घेता, मग ऐकणार कशावर: स्पीकर की हेडफोन?

‘मी डीआय घेतो, म्हणजे बेस गिटारची वायर थेट इंटरफेसला, कॉम्प्युटरला जोडलेल्या रेकॉर्डिंगच्या डब्याला लावतो; माइकच नाही, मग खोलीचा काय संबंध?’ असं मीही बरेच दिवस म्हणत होतो. वायरीपुरतं ते खरंच आहे. गणपतीच्या आधी आमच्या इंदिरानगरात ढोलपथकाचा सराव सुरू होतो तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण त्याच संध्याकाळी घेतलेल्या टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये, ढोल शोधूनही सापडत नाही. गायकाला हे सुख नाही. तरीही पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी चांगले स्पीकर घ्यावेत की हेडफोन, हे शेवटी खोलीच ठरवते.

माझी खोली दहा बाय दहा, छतही जवळपास तेवढंच उंच. आवाजासाठी याहून वाईट माप मिळणं अवघड. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56-57 हर्ट्झची अर्धी लहर बरोबर बसते, आणि इथे ती तिन्ही दिशांनी बसते. बेसची मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली, ‘ए’ तार 55 ची. ही लहर भिंतीपाशी घुमते आणि मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. माझी खुर्ची? पंख्याखाली, बरोबर मध्यावर.

मोकळी ‘ए’ वाजवली की वरचे सूर ऐकू यायचे, पण सुराला बूड नसायचं. मग बोट आपोआप जोरात पडायचं. वाजवताना हे लक्षातच येत नाही. शिवाय ईक्यूमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) 55 च्या आसपास थोडं वाढवून ठेवायचो. एकदा मित्राच्या गाडीत, गंगापूर धरणाकडे जाताना, तेच गाणं लावलं आणि प्रत्येक ‘ए’ला दाराचं प्लास्टिक फडफडायला लागलं. ईक्यू घरी येऊन काढून टाकला. बोटाचा जोर कसा काढणार? जोरात ओढलेली तार फ्रेटवर आपटते, सूर क्षणभर वर चढतो, आणि ते टेकमध्ये कायमचं बसतं. सगळ्या बेसलाइन पुन्हा वाजवल्या. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

फोम लावून बघितलाच. 56 हर्ट्झची लहर वीस फूट लांब, तिच्यापुढे दोन इंची फोम म्हणजे पडदाही नाही. टाळी वाजवल्यावरची झणझण गेली, ‘ए’ तसाच. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या केल्या तेव्हा किंचित फरक वाटला, पण पाहुणे आले की गाद्या खाली.

गिटारवाल्यांसाठी मात्र स्पीकरच्या बाजूने बोलायला हवं. गिटारची मोकळी जाड ‘ई’ 82 हर्ट्झची, त्यामुळे माझ्या खोलीचा पहिला घोळ तिच्या खालीच राहतो. आणि डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून स्पीकरजवळ उभं राहिलं की हवेतला आवाज तारांना हलवत ठेवतो, सूर लांबतो. डीआयमध्ये खोली खरोखर शिरते ती अशी, आणि ती हवीहवीशी वाटते. हेडफोनवर तोच सूर लवकर मरतो. लीड वाजवणाऱ्याला ते खटकेल.

हेडफोनच्या तक्रारीही आहेत. एप्रिलमध्ये बंद कपांत कान उकडतात, बेस छातीला लागत नाही, आणि डावी-उजवी गिटार इतकी सुटी ऐकू येते की मिक्स करताना फसायला होतं. मिक्स तपासायला स्पीकर हवेतच असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. पण टेक घेताना ‘ए’ आणि ‘डी’ सारख्याच ताकदीने कानात येतात, आणि बोटही तसंच पडतं. बेस वाजवणाऱ्याने आधी हेडफोन घ्यावेत, असं मला तरी वाटतं.

तुमची खोली मोठी असेल, लांबी-रुंदी-उंची वेगवेगळी असेल, तर कदाचित हे लागू पडणार नाही. स्पीकरच घेणार असाल, तर आधी मोकळ्या ‘ए’चा लूप लावून खोलीभर फिरून बघा, आणि खुर्ची मध्यावरून हलवून समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणा. मीही आणली होती. तिथे पंख्याचा वारा लागत नाही.