स्लॅगचे पेव्हर: सिमेंटचे घ्यावेत की भाजलेले?

अंगणात किंवा पार्किंगमध्ये पोलादाच्या स्लॅगचे (म्हणजे पोलाद बनवताना उरणाऱ्या मळीचे) पेव्हर, फरसबंदीचे ठोकळे, टाकायचं ठरलंच असेल, तर प्रश्न एवढाच उरतो: सिमेंटात दाबलेले घ्यायचे, की मातीत मिसळून भट्टीत भाजलेले? मेव्हण्याकडे चाकणला पहिले आहेत, आमच्याकडे धायरीत दुसरे. दोन्हींवर गाड्या उभ्या राहतात, दोन्हींनी इथला पाऊस काढलाय.

वजन पेलण्यात मला तरी फरक जाणवला नाही. सिमेंटचे मापाला चोख, सांधे सरळ बसतात, आम्हाला स्वस्तही तेच पडत होते. भाजलेल्यांचा रंग लोहामुळे तपकिरी-काळपट येतो, भट्टीगणिक छटा बदलते, मापातही थोडं इकडेतिकडे होतं. आमच्या गवंड्याने यावरून बरीच कुरकुर केली, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

पण माझा कौल ठरला तो टवक्यांमुळे. पावसाळा सरता सरता मेव्हण्याच्या पेव्हरांवर रुपयाएवढे टवके उडायला लागले. टवका नखाने उचलला की खाली मधोमध पांढरा ठिपका. बोटाने चोळला की पीठ. कन्व्हर्टरच्या, म्हणजे लोखंडाचं पोलाद करणाऱ्या भट्टीच्या, स्लॅगमध्ये थोडा कळीचा चुना मोकळाच राहतो. ओल लागली की तो विरतो, फुगतो आणि वरचा थर फोडतो. शेजारी गंजाचे ओघळ, कारण लोखंडाचे बारीक कणही आत राहिलेले. पुरवठादाराचं म्हणणं, "हवेमुळे होतं साहेब." (ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीच्या, दाणेदार स्लॅगची ही तक्रार नसते, तो तर सिमेंटमध्येच दळून घालतात. विकणारा मात्र दोन्हींना नुसतं स्लॅगच म्हणतो.)

पेव्हर भाजायच्या भट्टीत ११०० अंशांच्या आसपास हाच चुना मातीतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाशी बांधला जातो, त्याची अनॉर्थाइटसारखी खनिजं होतात. मग फुगायला उरतं काय? अर्थात स्लॅग बारीक दळलेला हवा. जाड खडा राहिला तर भाजूनही दगा देऊ शकतो.

सगळेच सिमेंटवाले असे निघतील असं नाही. सुरतेजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये प्रक्रिया केलेल्या पोलादी स्लॅगचा अख्खा रस्ता झाला, तिथे भट्टीचा संबंध नाही. तेव्हा सिमेंटचेच घेणार असाल तर स्लॅग किती महिने उघड्यावर, पाणी मारून मुरवला होता, म्हणजे चुना आधीच विरू दिला होता, एवढं विचाराच. उत्तर गोलमोल आलं तर मी तरी पुढे जाणार नाही.

भाजलेले घेतलेत तर थोडे जास्तीचे मागवून ठेवा. नंतर तीच छटा मिळणं कठीण.